मुदत संपलेले नाव

एप्रिल महिन्यात, परीक्षांच्या गडबडीत, आम्हाला एका शिक्षिकेचा निरोप आला. ‘तुमच्या संकेतस्थळावर कर्जाच्या जाहिराती दिसत आहेत,’ असे त्यांनी कळवले होते. आम्ही ते फारसे मनावर घेतले नाही. पत्ता टाइप करताना एखादे अक्षर चुकले असेल, असे उत्तर पाठवून मोकळे झालो. मे महिन्याच्या २० तारखेला त्याच बाईंचा फोन आला. उन्हाळी शिबिरात त्या मुलांना भिंगांचे प्रयोग दाखवणार होत्या आणि त्यासाठी आमच्या संकेतस्थळावरील आकृत्या त्यांना हव्या होत्या. ‘आता तर काहीच उघडत नाही,’ त्या म्हणाल्या. जुलैत तिसरा निरोप आला. त्यांच्या सातवीच्या वर्गातील मुलांनी आमच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरचा पत्ता पाहून तो जसाच्या तसा टाइप केला, आणि समोर उघडले ते पैसे लावून पत्ते खेळण्याचे पान!

एकच पत्ता, एकही अक्षर न चुकता टाइप केलेला. एप्रिलमध्ये जाहिराती, मेमध्ये काहीच नाही, जुलैत जुगार. असे का व्हावे? या तीन निरोपांचा अर्थ लावता लावता आम्हाला इंटरनेटवरील नावांची सगळी व्यवस्था समजून घ्यावी लागली. ती फार मनोरंजक आहे. पण ती आम्ही उशिरा समजून घेतली, आणि त्याची किंमतही मोजली. आज अनेक शाळांची स्वतःची संकेतस्थळे आहेत. म्हणून हा अनुभव आणि त्यामागची माहिती सर्वांसमोर ठेवीत आहोत.

नावामागचा क्रमांक

इंटरनेटला जोडलेल्या संगणकांना एकमेकांची नावे कळत नाहीत, क्रमांक कळतात. दूरध्वनीला जसा क्रमांक असतो तसाच हा प्रकार. माणसाला मात्र क्रमांक लक्षात ठेवणे अवघड जाते, नाव लक्षात राहते. तेव्हा नाव आणि क्रमांक यांची सांगड घालणारी एक यादी हवी.

सुरुवातीला अशी खरोखरच एक यादी होती. इंटरनेटच्या आधीचे जाळे म्हणजे अर्पानेट. त्यावरील सर्व संगणकांची नावे आणि क्रमांक एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ही फाइल सांभाळीत. नवा संगणक जोडायचा झाला की त्यांना कळवायचे, त्या नोंद करायच्या आणि सर्वांनी ती फाइल उतरवून घ्यायची. संगणक शेकड्यांत होते तोवर हे चालले. संख्या वाढू लागली तशी यादी रोज जुनी होऊ लागली.

१९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी यावर उपाय सुचवला. एक मोठी यादी एकाच ठिकाणी ठेवण्याऐवजी तिचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याची जबाबदारी वेगळ्या संगणकावर सोपवायची. यालाच डोमेन नाव प्रणाली म्हणतात. टपालाचा पत्ता आपण जसा वाचतो तशीच ती चालते, फक्त उलट्या टोकाकडून. समजा, एखादे नाव ‘डॉट कॉम’ने संपते. आपला संगणक आपल्या इंटरनेट सेवेच्या नाव शोधणाऱ्या संगणकाला विचारतो. तो आधी सर्वांत वरच्या, ‘मूळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगणकांकडे जातो. ते म्हणतात, ‘डॉट कॉमची नावे अमुक ठिकाणी विचार.’ तेथे गेल्यावर उत्तर मिळते, ‘या नावाची माहिती तमुक संगणकाकडे आहे.’ तो संगणक अखेरीस क्रमांक सांगतो. ही सगळी विचारपूस डोळ्याचे पाते लवायच्या आत होते. दर वेळी हेलपाटा नको म्हणून मिळालेले उत्तर काही मिनिटे ते काही तास जवळ ठेवलेही जाते.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे, आकृत्या एका संगणकावर असतात. नावाची नोंद मात्र दुसरीकडेच असते. मजकूर जागच्या जागी सुरक्षित असूनही नोंद पुसली गेली, तर त्या मजकुरापर्यंत नेणारी वाट नाहीशी होते. आमचे नेमके हेच झाले. आकृत्या जेथे होत्या तेथेच होत्या, पण त्यांच्याकडे जाणारी पाटी निघाली होती.

नोंदवही कोणाची?

‘आमचे नाव आम्ही विकत घेतले होते,’ असे आपण सहज बोलून जातो. ते बरोबर नाही. डोमेन नाव विकत मिळत नाही, ते मुदतीने मिळते. टपाल कार्यालयातील पोस्ट बॉक्स आपण भाड्याने घेतो, त्याचा क्रमांक सगळ्यांना कळवतो, पत्रांवर छापतो. पण भाडे थांबले की तो क्रमांक आपला राहत नाही. डोमेन नावाचे तसेच आहे. डॉट कॉमचे नाव एका वेळी कमीत कमी एक वर्षासाठी मिळते आणि पुढची मुदत कधीही दहा वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही.

गंमत अशी की पूर्वी या नावांना पैसेच पडत नसत. डॉट कॉममधील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले, तेव्हा ते फुकट होते. सप्टेंबर १९९५ मध्ये नोंदणीचे काम पाहणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीने वर्षाला ५० डॉलर आकारायला सुरुवात केली. शुल्क आले, आणि शुल्क न भरणाऱ्याच्या नावाचे काय करायचे हा प्रश्नही आला.

आजच्या व्यवस्थेत तीन पक्ष आहेत. पहिला म्हणजे मुख्य नोंदवही सांभाळणारी संस्था. हिला रजिस्ट्री म्हणतात. डॉट कॉमची नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते आणि तिच्यात १५ कोटींपेक्षा जास्त नावे आहेत. आपल्या देशाच्या ‘डॉट इन’ची नोंदवही निक्सी या संस्थेकडे आहे. दुसरा पक्ष रजिस्ट्रार, म्हणजे आपल्याकडून पैसे घेऊन त्या नोंदवहीत आपली नोंद करून देणारी कंपनी. असे रजिस्ट्रार शेकड्यांनी आहेत. तिसरा पक्ष म्हणजे ज्याच्या नावे नोंद झाली तो नोंदधारक. डॉट कॉमसारख्या नावांचे नियम १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था ठरवते.

नोंदधारक कोण, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आमच्या गटाचे संकेतस्थळ नऊ वर्षांपूर्वी आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने हौसेने उभे केले होते. नाव त्याने स्वतःच्या खात्यातून घेतले, पहिली काही वर्षे पैसेही स्वतःच भरले. आम्ही त्याचे कौतुक केले आणि विषय विसरलो. पुढे तो परदेशी गेला. म्हणजे पुस्तिकांवर नाव आमचे, काम आमचे, पण नोंदवहीत नोंदधारक तो, आणि संपर्काचा ई-मेल पत्ता त्याच्या जुन्या महाविद्यालयाने दिलेला, जो केव्हाच बंद झाला होता. नियमाप्रमाणे रजिस्ट्रारला मुदतीपूर्वी सुमारे एक महिना आणि सुमारे एक आठवडा अशा दोन सूचना आणि मुदतीनंतर आणखी एक सूचना पाठवावी लागते. आमच्या रजिस्ट्रारने त्या पाठवल्या होत्या. त्या वाचायला कोणी नव्हते.

मुदत संपते तेव्हा काय होते?

मुदत संपली की नाव लगेच मोकळे होते, असा अनेकांचा समज असतो. आमचाही होता. प्रत्यक्षात डॉट कॉमचे नाव मोकळे होण्यापूर्वी तीन टप्प्यांतून जाते. आमच्या नावाची मुदत १२ मार्चला संपली. त्यावरून हे टप्पे पाहू.

पहिला टप्पा सवलतीचा. तो जास्तीत जास्त ४५ दिवसांचा असतो. त्यात किती दिवस थांबायचे हे रजिस्ट्रार ठरवतो. या काळात जुना नोंदधारक बहुधा नेहमीचेच शुल्क भरून नाव चालू ठेवू शकतो. मात्र रजिस्ट्रार त्या नावाची वाट आपल्या पानाकडे वळवतो आणि तेथे जाहिराती लावतो. आमचे नाव २६ एप्रिलपर्यंत या टप्प्यात होते. एप्रिलमधील कर्जाच्या जाहिरातींचे कोडे येथे सुटते. त्या जाहिराती म्हणजे खरे तर धोक्याची घंटा होती. बाईंचा निरोप आला त्या दिवशी आम्ही चौकशी केली असती, तर पुढचे दोन्ही टप्पे आलेच नसते. याच टप्प्यात अनेक रजिस्ट्रार चांगल्या नावांचा लिलावही करतात. त्यामुळे बरीच नावे पुढे मोकळी होतच नाहीत, परस्पर दुसऱ्याच्या हाती जातात.

दुसरा टप्पा सोडवणुकीचा, म्हणजे रिडेम्प्शन पीरियडचा. हा ३० दिवसांचा असतो. रजिस्ट्रारने नाव रद्द करण्यास सांगितले की तो सुरू होतो. विसरभोळ्यांना शेवटची संधी मिळावी म्हणून डॉट कॉममध्ये २००३ साली ही सोय झाली. या काळात नाव वाटाड्यांच्या यादीतून काढले जाते. म्हणून संकेतस्थळही उघडत नाही आणि त्या नावावर पाठवलेला ई-मेलही पोहोचत नाही. मे महिन्यात बाईंना काहीच दिसले नाही ते यामुळे. जुना नोंदधारक अजूनही नाव परत मिळवू शकतो, पण त्याच रजिस्ट्रारमार्फत आणि नेहमीच्या कित्येक पट शुल्क देऊन.

तिसरा टप्पा पुसण्याचा. हा पाच दिवसांचा असतो आणि त्याला पेंडिंग डिलीट म्हणतात. या पाच दिवसांत कोणालाही काहीही करता येत नाही. जुन्या नोंदधारकाला नाही, रजिस्ट्रारला नाही, नव्या इच्छुकालाही नाही. पाच दिवस संपले की नाव नोंदवहीतून पुसले जाते आणि मग ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ या नियमाने कोणीही ते घेऊ शकतो.

आमची धावपळ २० मे रोजी सुरू झाली. नाव दुसऱ्या टप्प्यात होते. हातात सहा दिवस होते. रजिस्ट्रारकडे फोन केला. ‘खातेदाराशिवाय आम्ही कोणाशी बोलू शकत नाही,’ असे उत्तर मिळाले. त्या क्षणी राग आला, पण ते बरोबरच होते. उद्या कोणीही फोन करून ‘हे नाव आमचे आहे’ म्हणाला, तर ते त्याला द्यायचे का? माजी विद्यार्थ्याचा ठावठिकाणा त्याच्या भावाकडून २४ तारखेला मिळाला. तो बिचारा मनापासून झटला. पण खात्याचा परवलीचा शब्द त्याला आठवत नव्हता आणि तो बदलण्याची चिठ्ठी त्याच बंद पडलेल्या ई-मेलवर जात होती. ओळखीची कागदपत्रे पाठवून त्यांची तपासणी होईपर्यंत २६ तारीख उलटली. नोंदीपुढे ‘पेंडिंग डिलीट’ हे शब्द आले.

रात्री साडेअकराची शर्यत

आता एकच मार्ग उरला होता. ३१ मे रोजी नाव मोकळे होईल तेव्हा इतरांच्या आधी ते घ्यायचे. डॉट कॉमची रद्द झालेली नावे रोज ठरावीक वेळेला पुसली जातात. उन्हाळ्यात ही वेळ आपल्याकडील रात्री साडेअकराच्या सुमारास सुरू होते आणि काम तासभर चालते. आपले नाव त्या तासात नेमके कधी पुसले जाईल ते आधी कळत नाही.

आम्ही तिघे तीन संगणकांसमोर बसलो. एका रजिस्ट्रारच्या पानावर नाव लिहायचे, ‘उपलब्ध आहे का’ असे विचारायचे, ‘नाही’ आले की पुन्हा विचारायचे. एका फेरीला सुमारे वीस सेकंद लागत. साडेबारापर्यंत आम्ही विचारत होतो. आमच्या पडद्यांवर ‘उपलब्ध आहे’ हे शब्द एकदाही उमटले नाहीत. सकाळी नोंद उघडून पाहिली. नाव रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी पुसले गेले होते आणि त्याच मिनिटाला नव्या धारकाच्या नावे नोंदलेही गेले होते.

असे कसे झाले? अशी नावे टिपण्याचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्या आहेत. कोणती नावे कोणत्या दिवशी पुसली जाणार याच्या याद्या त्यांच्याकडे असतात. त्यांचे संगणक रजिस्ट्रारच्या पानांवर जाऊन बसत नाहीत. ते थेट मुख्य नोंदवहीला ‘हे नाव मला द्या’ अशी आज्ञा सेकंदाला अनेकदा पाठवत राहतात. मुख्य नोंदवहीवर फार ताण येऊ नये म्हणून प्रत्येक रजिस्ट्रारला ठरावीक मर्यादेतच अशा जोडण्या मिळतात. यावरही तोड निघाली आहे. एकच कंपनी अनेक रजिस्ट्रारचे परवाने घेते, म्हणजे तिच्या जोडण्या तितक्या पट होतात. एका खिडकीवर एकाच घरातील पंचवीस माणसे रांगेत उभी राहावीत, तसे हे आहे. रांगेचा नियम मोडलेला नसतो, पण मागे उभ्या असलेल्या एकट्या माणसाचा नंबर लागत नाही.

आमची संधी किती होती, याचे गणित मुलांना घालता येईल. समजा नाव पुसले गेल्यावर ते दुसऱ्याच्या हाती जाईपर्यंत एक दशांश सेकंद गेला. आम्ही दर वीस सेकंदांनी एकदा विचारत होतो. तर आमचा प्रश्न नेमका त्या एक दशांश सेकंदात पडण्याची शक्यता वीस भागिले एक दशांश, म्हणजे दोनशेत एक. तिघे मिळून, वेळा एकमेकांवर न येतील असे धरले तरी, दोनशेत तीन. आणि तेवढ्यानेही भागत नाही. ‘उपलब्ध आहे’ हे वाचून, बटण दाबून, पैसे भरेपर्यंत ते नाव केव्हाच गेलेले असणार. हाताने ही शर्यत जिंकणे जवळजवळ अशक्य आहे. अशा वेळी टिपणाऱ्या कंपन्यांकडेच आगाऊ मागणी नोंदवावी लागते. आम्ही एकीकडे ती नोंदवलीही होती. नाव दुसरीने टिपले.

रिकाम्या नावाची किंमत

आमच्यासारख्या लहान गटाच्या नावात कोणाला एवढा रस का असावा? ते नाव काही व्यापारी नव्हते, फार सुटसुटीतही नव्हते. उत्तर असे की ते नाव रिकामे नव्हतेच. नऊ वर्षांत अनेक शाळांच्या आणि शिक्षकांच्या पानांनी आमच्या पानांकडे बोट दाखवले होते. शोधयंत्रे एखाद्या पानाची पत जोखताना अशी बोटे मोजतात. शिवाय तीन हजार पुस्तिकांवर तो पत्ता छापलेला होता. ही पत, हा विश्वास आम्हाला चिकटलेला नव्हता, त्या नावाला चिकटलेला होता. मुदत संपली तेव्हा नोंद पुसली गेली, विश्वास पुसला गेला नाही. तो पुढच्या धारकाला आयता मिळाला. जूनमध्ये त्या नावावर ‘हे नाव विकणे आहे’ अशी पाटी होती. सांगितलेली किंमत आमच्या वर्षभराच्या छपाईच्या खर्चापेक्षा जास्त होती. आम्ही नकार दिला. जुलैत तेथे जुगाराचे पान आले.

याहून गंभीर गोष्ट ई-मेलची. नाव ज्याचे, त्या नावावर येणारी पत्रेही त्याची. आमच्या शिबिरांचे प्रवेश अर्ज त्या नावाच्या ई-मेलवर येत. त्यांत मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे मोबाइल क्रमांक असत. जुना पत्ता पाहून कोणी आजही अर्ज पाठवला, तर तो अनोळखी माणसाच्या पेटीत पडू शकतो. ज्या सेवांची खाती आम्ही त्या ई-मेलने उघडली होती, त्यांचा परवलीचा शब्द बदलण्याची चिठ्ठीही त्यालाच मिळू शकते. जून महिना आम्ही बहुतांशी अशी खाती शोधून पत्ते बदलण्यात घालवला.

मोठ्यांचीही फजिती

हे फक्त लहानांचेच होते असे नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनी ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे शुल्क भरायला विसरली. हॉटमेल ही ई-मेल सेवा वापरणाऱ्यांची ओळख याच नावामार्फत पटवली जात असे. त्यामुळे अनेकांना आपली पत्रपेटी उघडता येईना. शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने नाताळच्या सुमारास स्वतःच्या क्रेडिट कार्डाने ३५ डॉलर भरले आणि सेवा पूर्ववत झाली. सवलतीच्या काळात शुल्क कोणीही भरले तरी मुदत मूळ धारकाचीच वाढते, म्हणून हे जमले.

२०१६ साली अमेरिकेत कर्णबधिरांना व्हिडिओद्वारे दूरध्वनीची सोय देणाऱ्या सोरेन्सन कम्युनिकेशन्स या कंपनीकडून एका नावाचे नूतनीकरण राहून गेले. त्यामुळे सेवा बंद पडली आणि तिच्यामार्फत आपत्कालीन मदतीचा दूरध्वनी करण्याचीही सोय राहिली नाही. पुढच्या वर्षी तेथील दूरसंचार आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीला सुमारे ३० लाख डॉलर द्यावे लागले.

तिसरे उदाहरण २०२४ सालचे. ‘डॉट मोबी’ने संपणाऱ्या नावांची माहिती देणाऱ्या संगणकाचे जुने नाव वापरातून गेले होते आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याची मुदत संपली होती. वॉचटॉवर या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी ते सुमारे २० डॉलरला घेतले. थोड्याच दिवसांत १,३५,००० हून अधिक संगणकप्रणाली त्या नावाकडे येऊन माहिती विचारू लागल्या. पत्ता बदलल्याचे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. संशोधकांचा हेतू चांगला होता म्हणून अनर्थ टळला. पुस्तिकेतला पत्ता टाइप करणारी आमची सातवीची मुले आणि हे संगणक यांच्यात तसा काही फरक नाही. दोघांनीही जुन्या नावावर विश्वास ठेवला.

दाद कुठे मागायची?

डोमेन नावांच्या तंट्यांसाठी आयकॅनने १९९९ साली एक पद्धत घालून दिली. तिच्यानुसार तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. ते नाव आपल्या व्यापारचिन्हासारखे आहे, समोरच्याला त्या नावावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले व वापरले आहे. जिनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे अशी तक्रार करायची तर एका परीक्षकासाठीचे शुल्कच १,५०० डॉलर आहे. आमच्या गटाचे नोंदलेले व्यापारचिन्ह नव्हते आणि एवढे पैसेही नव्हते. नवा धारक कोण हेही आम्हाला दिसले नाही. २०१८ साली युरोपातील खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा अमलात आल्यापासून नोंदीतील व्यक्तिगत तपशील बहुधा झाकलेले असतात.

काही नावे मात्र कोणालाही घेता येत नाहीत. ‘डॉट एसी डॉट इन’ आणि ‘डॉट एज्यु डॉट इन’ ही नावे शैक्षणिक संस्थांनाच, कागदपत्रे पाहून, अर्नेट इंडिया या संस्थेमार्फत मिळतात. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या नावांकडे जाण्यास सांगितले, त्यामागेही हाच विचार आहे. अशी दारे राखलेली नावे सुटली तरी वाटेल त्याच्या हाती पडत नाहीत. शाळेने नवे नाव घेताना हा पर्याय आधी तपासावा.

शाळेने काय करावे?

पहिली गोष्ट, नाव शाळेच्या किंवा संस्थेच्या नावे नोंदवा, हौशी शिक्षकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या नावे नको. दुसरी, संपर्कासाठी दोन ई-मेल पत्ते द्या, आणि त्यांतील एकही त्याच डोमेन नावावरचा नसावा. नाव बंद पडले तर सूचना येणारी पेटीही बंद पडेल. तिसरी, मुदतीची तारीख वीजबिल आणि विम्याच्या तारखांबरोबर कार्यालयातील फलकावर लिहा आणि पदभार देताना तीही सोपवा. चौथी, शक्य असल्यास काही वर्षांचे शुल्क एकदम भरा. पाचवी, एखादे नाव सोडायचेच असेल तर आधी त्यावरील ई-मेल खाती सर्व ठिकाणी बदला आणि मगच ते सोडा. आणि नाव गेलेच तर पहिल्या ४५ दिवसांत धावपळ करा, शेवटच्या पाच दिवसांत नव्हे.

आठवी ते दहावीच्या वर्गात दोन गोष्टी करून पाहता येतील. आयकॅनच्या नोंद-शोध पानावर शाळेचे किंवा ओळखीच्या संस्थेचे नाव घालून नोंदणीची तारीख, मुदतीची तारीख आणि सद्यःस्थिती मुलांना शोधू द्या. पूर्वी यासाठी ‘हूइज’ नावाची सोय वापरीत. जानेवारी २०२५ पासून आयकॅनच्या अखत्यारीतील नावांसाठी तिची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे. मिळालेल्या तारखेत ४५, ३० आणि ५ दिवस मिळवून नाव जास्तीत जास्त कधी मोकळे होईल ते काढता येईल. दुसरा खेळ शर्यतीचा. फळ्यावर दहा नावे लिहून शिक्षकाने मनात येईल त्या क्षणी एकेक पुसायचे. पुसल्यावर जो आधी हात वर करील त्याला ते नाव. एका गटात एकच मूल आणि दुसऱ्या गटात सहा मुले ठेवा. दहा नावे कशी वाटली गेली ते मांडून, हा नियम न्याय्य आहे का यावर मुलांना बोलू द्या. आमच्या एका शिबिरात मुलांनी चिठ्ठ्या टाकण्याचा उपाय सुचवला. लगेच एका मुलीने विचारले, ‘पण सहा जणांनी सहा चिठ्ठ्या टाकल्या तर?’

आमच्या गटाने नवे नाव घेतले आहे. ते संस्थेच्या नावे आहे आणि मुदतीची तारीख कपाटाच्या दारावर चिकटवलेली आहे. शिल्लक पुस्तिकांवर आम्ही नव्या पत्त्याच्या पट्ट्या चिकटवल्या. पण तीन हजारांपैकी बहुतेक पुस्तिका शाळाशाळांतून, घराघरांतून पोहोचलेल्या आहेत आणि त्या परत बोलावता येत नाहीत. आमची किंवा दुसऱ्या कोणाचीही जुनी पुस्तिका आपल्या वाचनालयात असेल, तर तिच्यावर छापलेले पत्ते एकदा स्वतः उघडून पाहा, आणि जे बदलले असतील ते पेनने खोडा. शक्य तर हे काम मुलांकडूनच करून घ्या, आणि का खोडायचे तेही त्यांना सांगा.